करांची उतरंड

दुबईत किंवा मस्कतमध्ये काही वर्षे काढून कायमचे परत यायला निघालेल्या मराठी कुटुंबात सामानाच्या यादीवर चर्चा सुरू झाली, की गाडीचा विषय निघतोच. तिथे घेतलेली, मनापासून सांभाळलेली लँड क्रूझर किंवा पॅट्रोल. तिथला दलाल तिला पडेल भाव सांगतो आणि इकडे तसलीच गाडी कोटीच्या गोष्टी करते. मग कुणातरी क्लिअरिंग एजंटला फोन जातो आणि पहिला प्रश्न विचारला जातो, "ड्यूटी किती बसेल?"

हा प्रश्न तिसरा असायला हवा. आखातातल्या गाडीचे स्टिअरिंग डावीकडे असते आणि भारतात वापरलेली गाडी आणायची तर ते उजवीकडे असावे लागते. म्हणजे लँड क्रूझरची गोष्ट दरापर्यंत पोहोचण्याआधीच संपली. वापरलेल्या परदेशी गाडीचा विचार करताना आधी पाहायचे, ती येऊ शकते का. मग पाहायचे, कस्टमच्या लेखी तिची किंमत किती. आणि मगच टक्केवारी. लोक नेमके उलट्या क्रमाने जातात, आणि म्हणून या विषयावर इतके गैरसमज आहेत.

आधी 'वापरलेली' म्हणजे काय ते पाहू. आपल्या बोलण्यात वापरलेली गाडी म्हणजे हजारो किलोमीटर धावलेली, सीटवर चहाचे डाग पडलेली. आयात धोरणाला किलोमीटरशी देणेघेणे नाही. भारतात येण्याआधी गाडी कुणाला विकली गेली असेल, भाड्याने किंवा उसनी दिली गेली असेल, किंवा कोणत्याही देशात तिची नोंदणी झाली असेल, तर ती नवी उरत नाही. लंडनच्या शोरूममधून बाहेर काढून, स्वतःच्या नावावर करून, दुसऱ्या दिवशी बोटीवर चढवलेली गाडी कायद्याच्या नजरेत वापरलेलीच. उलट बाजूनेही अडचण आहे. नवी म्हणून आणायची तर गाडी ज्या देशात बनली त्या देशातूनच यावी लागते. जपानमध्ये बनलेली कोरी गाडी दुबईच्या विक्रेत्याकडून घेतली, तर ती 'नवी' या व्याख्येतही बसत नाही आणि स्टिअरिंगमुळे 'वापरलेली' म्हणूनही येत नाही.

वापरलेल्या गाडीसाठीच्या अटी अशा. उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको. स्टिअरिंग आणि सगळी नियंत्रणे उजवीकडे हवीत. वेग दाखवणारा काटा किलोमीटरमध्ये हवा; इंग्लंडहून गाडी आणणाऱ्याला इथे थबकावे लागते, कारण तिथे रस्त्यावरच्या पाट्याही मैलांत आणि डायलवरचा मुख्य आकडाही मैलांत. हेडलाइटचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा, नाहीतर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश जातो. गाडी निदान पाच वर्षे रस्त्यावर चालण्याजोगी आहे असा दाखला हवा. बोटीवर चढवण्याआधी तिकडे तपासणी, आणि इथे उतरल्यावर पुन्हा तपासणी. ही दुसरी तपासणी करणाऱ्या संस्थांत पुण्याची एआरएआय आहे आणि अहिल्यानगरची, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरची, संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे. तिसरी मध्य प्रदेशात बुधनीला, मूळची ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रे तपासणारी.

आणि एक अट खास आपल्या दारातली. नव्या गाड्या चेन्नई, कोलकाता, न्हावा शेवा, कोची अशा अनेक ठिकाणी उतरू शकतात. वापरलेली गाडी मात्र फक्त मुंबईच्या सीमाशुल्क बंदरातून येऊ शकते. माणूस कोचीचा असो की गुवाहाटीचा, गाडी मुंबईला उतरवायची आणि तिथून ट्रेलरवर घालून न्यायची. एकच दरवाजा ठेवला की पहारा सोपा होतो, एवढाच त्याचा अर्थ.

या सगळ्यात तीन वर्षांची अट मला सर्वांत बोलकी वाटते. उजव्या स्टिअरिंगच्या, जुन्या पण निगुतीने सांभाळलेल्या गाड्यांचा जगातला सर्वांत मोठा साठा जपानमध्ये आहे. तिथे नव्या खासगी गाडीची सक्तीची तपासणी, जिला ते 'शाकेन' म्हणतात, पहिल्यांदा तीन वर्षांनी येते आणि पुढे दर दोन वर्षांनी. ती खर्चिक असते, म्हणून तपासणी जवळ आली की अनेक मालक गाडी काढून टाकतात आणि ती लिलावात जाते. म्हणजे जपानी गाडी स्वस्तात बाजारात यायला लागते त्याच सुमारास भारताचे दार तिच्यासाठी बंद होते. कोलंबो, ऑकलंड, मोम्बासा इथल्या रस्त्यांवर दिसणारा जपानी जुन्या गाड्यांचा लोंढा मुंबईत का दिसत नाही, याचे उत्तर कराच्या दराआधी या एका ओळीत आहे.

ही ओळ आली कुठून? १९९०च्या दशकाच्या शेवटी भारताने शेकडो वस्तूंच्या आयातीवर संख्यात्मक बंधने ठेवली होती. परवान्याशिवाय वस्तू येतच नसे. कारण सांगितले जाई परकीय चलनाच्या तुटीचे. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. १९९९ मध्ये भारत तो दावा अपिलातही हरला. मग दोन हप्त्यांत बंधने उठवायचे ठरले आणि शेवटचा हप्ता १ एप्रिल २००१ रोजी उठला. परवान्याची भिंत पाडायची तर तिच्या जागी काहीतरी हवे होते. देशातल्या वाहन उद्योगाला धास्ती होती, की जपानच्या जुन्या गाड्या मारुतीच्या नव्या गाडीच्या भावात मिळू लागतील. तेव्हा त्याच सुमारास वापरलेल्या गाड्यांवरचे मूळ शुल्क शंभर टक्क्यांच्या वर नेले गेले आणि वरच्या अटी लिहिल्या गेल्या. कागदावर आयात खुली आहे, प्रत्यक्षात तिच्या वाटेने क्वचितच कुणी जातो. तिजोरीला या करातून फारसे मिळावे अशी अपेक्षा तेव्हाही नव्हती आणि आजही नसावी. गाडी येऊच नये यासाठी हा कर आहे. हे एकदा लक्षात आले, की पुढचे आकडे वेडेवाकडे वाटत नाहीत.

आता किंमत. 'मी ती नऊ लाखांना घेतली, ही पावती' असे म्हणून भागत नाही. सीमाशुल्क कायद्याचे कलम १४ आणि २००७ चे मूल्यांकन नियम सांगतात, की खरेदीदार आणि विक्रेता यांच्यात भारतात पाठवण्यासाठी खरा व्यवहार झाला असेल तर तीच किंमत धरायची. पण स्वतःची, दोन वर्षे चालवलेली गाडी आणताना असा व्यवहार झालेलाच नसतो. आणि लिलावातली पावती असली तरी अधिकाऱ्याला तिच्यावर शंका घेण्याचा हक्क आहे. म्हणून प्रत्यक्षात वेगळी पद्धत रूढ आहे. गाडी बनली त्या वर्षीची उत्पादकाची नव्या गाडीची किंमत घ्यायची, ग्राह्य असेल तर व्यापारी सूट वजा करायची आणि मग तिमाहीच्या हिशेबाने घसारा. पहिल्या वर्षी प्रत्येक तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच, त्यापुढे २. आणि कितीही जुनी असली तरी एकूण ७० टक्क्यांच्या पुढे नाही. तीन वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला मिळतो ३८ टक्के घसारा.

बाजार याहून निर्दय असतो. महागडी जर्मन सेडान पहिल्या तीन वर्षांत इंग्लंडमध्ये अर्ध्या किमतीला सहज येते. कस्टमच्या कोष्टकात मात्र ती अजून ६२ टक्के शाबूत असते. ही जी तफावत, त्यावरही तुम्ही कर भरता. अपघात झालेली, मोजकेच किलोमीटर चाललेली, एकाच मालकाची असल्या गोष्टींना कोष्टकात रकाना नाही.

त्यावर चढतो बोटीचा खर्च आणि विमा. कर नुसत्या गाडीवर नसतो, गाडी भारताच्या बंदरात पोहोचेपर्यंत जे पडले त्यावर असतो. व्यापारी याला सीआयएफ म्हणतात. वाहतुकीचा खरा आकडा दाखवता आला नाही तर नियम गाडीच्या किमतीच्या २० टक्के धरायला सांगतो आणि विम्याचा दाखवता आला नाही तर १.१२५ टक्के. तेव्हा बोटवाल्याची पावती जपून ठेवणे म्हणजे पैसे वाचवणे. परकीय चलनाचा भाव बँकेचा चालत नाही; सीमाशुल्क मंडळ स्वतः जाहीर करते तो धरतात. शुल्काचा दर कोणत्या दिवसाचा, हेही ठरलेले आहे: बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचे विवरणपत्र, दाखल झाल्याचा दिवस, किंवा ते आगाऊ भरले असेल तर जहाजाला बंदरात प्रवेश मिळाल्याचा. गाडी खरेदी केली तेव्हा काय दर होता याला अर्थ नाही. गाडी समुद्रात असताना अर्थसंकल्प आला तर नवा दर तुमच्या कपाळी.

एक उदाहरण घेऊ. गाडी नवी असताना तिची सूट वजा जाता उत्पादकाची किंमत रुपयांत २० लाख होती. बनून अडीच वर्षे झाली. घसारा पहिल्या वर्षाचा १६, दुसऱ्याचा १२, तिसऱ्याच्या दोन तिमाहींचा ५, असा ३३ टक्के. उरले १३ लाख ४० हजार. बोट आणि विमा मिळून १ लाख ६० हजार धरू. करपात्र किंमत झाली १५ लाख. तुम्ही ती तिकडे नऊ लाखांना घेतली असेल, तो तुमचा प्रश्न.

इथून उतरंड सुरू होते. मडक्यावर मडके ठेवावे तसा एका करावर दुसरा बसतो, आणि वरचा कर खालच्या सगळ्यांचे ओझे मोजून घेतो.

तळाला मूळ सीमाशुल्क, ७० टक्के: १० लाख ५० हजार. त्याच्या जोडीला कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर, ६७.५ टक्के: १० लाख १२ हजार ५००. दोन्ही मूळ १५ लाखांवरच लागतात. बेरीज ३५ लाख ६२ हजार ५००. आता या सगळ्या रकमेवर, म्हणजे गाडीवर आणि तिच्यावर बसलेल्या शुल्कावरही, एकात्मिक जीएसटी. मोठ्या गाडीला तो ४० टक्के: १४ लाख २५ हजार. गाडी गोदीच्या फाटकातून बाहेर पडते तेव्हा तिच्यावर ४९ लाख ८७ हजार ५०० रुपये चढलेले असतात. यातला कर ३४ लाख ८७ हजार ५००, म्हणजे करपात्र किमतीच्या २३२.५ टक्के. वर्तमानपत्रात '७० टक्के शुल्क' वाचून हिशेब मांडणाऱ्याला हा आकडा पाहून घाम फुटतो.

त्या ७० आणि ६७.५ची कथा सांगण्यासारखी आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पापर्यंत वापरलेल्या गाडीवर मूळ शुल्क १२५ टक्के होते आणि त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी १२.५. एकूण १३७.५. फेब्रुवारी २०२५ मध्ये मूळ शुल्क १२५ वरून ७० वर आणले, अधिभार काढून टाकला आणि ६७.५ टक्के कृषी उपकर बसवला. बेरीज करून पाहा: १३७.५. पैशाचाही फरक नाही. भारत जगातले सर्वांत चढे आयातशुल्क लावणारा देश आहे अशी टीका परदेशांतून, विशेषतः अमेरिकेतून, होत असताना दरपत्रकातला सर्वांत डोळ्यांत भरणारा आकडा खाली आला. आयात करणाऱ्याचा खिसा तितकाच हलका होत राहिला.

बदल झाला तो दुसऱ्याच कुणासाठी. मूळ सीमाशुल्काचे पैसे केंद्र आणि राज्ये यांच्यात वाटायच्या कुंडात जातात. त्यातला ४१ टक्के वाटा राज्यांचा. उपकर आणि अधिभार राज्यघटनेच्या कलम २७० नुसार त्या कुंडात येत नाहीत, ते केंद्राकडेच राहतात. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या गाडीवर पूर्वी पावणेएकोणीस लाख वाटपाच्या कुंडात गेले असते, आता साडेदहा लाख जातात. जुन्या परदेशी गाड्या येतात किती, आणि त्यातून राज्यांचे नुकसान होते किती? नगण्य. पण हीच पद्धत त्या वर्षी महागड्या नव्या गाड्या, संगमरवर, पादत्राणे अशा बऱ्याच मालाला लावली गेली, आणि पद्धत नगण्य नाही. शेतीच्या नावाचा उपकर आलिशान गाड्यांवर बसवण्यात जो विनोद आहे तो सरकारी राजपत्रात कुणी हेतुपुरस्सर केला असेल असे वाटत नाही.

जीएसटीचा भाग मात्र खरोखर हलका झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि वर भरपाई उपकर होता. मोठ्या एसयूव्हीला तो २२ टक्के, म्हणजे एकूण ५०. आता मोठ्या गाड्यांना एकच ४० टक्के आणि छोट्यांना १८. छोटी म्हणजे लांबी चार मीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. आपली १५ लाखांची गाडी एसयूव्ही असती तर जुन्या हिशेबाने जीएसटी आणि उपकर मिळून १७ लाख ८१ हजार २५० झाले असते. साडेतीन लाखांहून जास्त वाचले. परदेशातून छोटी हॅचबॅक आणण्याचा खटाटोप कुणी करीत नाही, त्यामुळे १८ टक्क्यांचा लाभ इथे कागदावरच आहे.

तुलनेसाठी एवढे सांगितले पाहिजे, की जर्मन कंपनी तीच गाडी सुट्या भागांच्या संचात आणून चाकणला किंवा चेन्नईला जोडते तेव्हा त्या संचावर मूळ शुल्क साधारण १५ टक्क्यांचे असते. पूर्ण बनलेली, ४० हजार डॉलरपेक्षा महाग नवी गाडी आणली तर शुल्क आणि उपकर मिळून ११० टक्के. वापरलेलीला १३७.५. चढती पायरी पाहिली की सरकारच्या मनातले उघड होते: इथे कारखाना काढा, नाही तर निदान नवे विका, जुने मात्र नको.

"पण मी कायमचा परततोय, मला सवलत असेल ना?" हा दुसरा हमखास प्रश्न. फ्रिज, टीव्ही, घरसामान यांना स्थलांतराच्या नियमांत ठरावीक मर्यादेत सूट मिळते, म्हणून गाडीलाही मिळेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण प्रवासी सामानाच्या शुल्कसवलतीतून मोटारगाडी स्पष्टपणे वगळलेली आहे. सलग दोन वर्षे परदेशात राहून कायमचे परतणारा आणि निदान वर्षभर ती गाडी स्वतःकडे असलेला माणूस आयात धोरणात एक वेगळा वर्ग म्हणून येतो. मृत नातेवाइकाची गाडी वारसाने मिळालेला, आंतरराष्ट्रीय स्पर्धेत गाडी बक्षीस मिळालेला, असे आणखी काही वर्ग आहेत. या वर्गांना मिळते ती आणण्याची परवानगी. शुल्क पुरेपूर. परवानगी आणि माफी या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे गोदीत अडकलेल्या गाड्यांच्या कहाण्या एजंटांकडे ढिगाने असतात, आणि गाडी जितके दिवस गोदीत तितके डेमरेजचे मीटर चालू.

बक्षिसावरून आठवण निघतेच. २००२ मध्ये सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली आणि फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. चावी मायकेल शूमाकरच्या हातून. गाडीवर शुल्क निघाले सुमारे १ कोटी १३ लाख. केंद्र सरकारने ते माफ केले आणि देशभर वादळ उठले. गाडी स्पर्धेत जिंकलेली नव्हती, एका कंपनीने दिलेली भेट होती. मग माफी कोणत्या नियमात? प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि शेवटी शुल्क फियाटने भरले. ती गाडी नवी होती, आपल्या विषयातली नव्हे. पण भेट, बक्षीस आणि खरेदी यांच्या सीमारेषा कस्टमच्या दृष्टीने किती काटेकोर असतात हे त्या वेळी साऱ्या महाराष्ट्राने एका लाडक्या माणसाच्या निमित्ताने पाहिले. त्याच्यावरचा राग त्या मानाने लवकर शमला, नियम तसाच राहिला.

कस्टममधून सुटलेली गाडी अजून रस्त्यावर आलेली नसते. नोंदणी आरटीओत, आणि तिथे राज्याचा कर. महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीला एकरकमी वाहनकर २० टक्के दराने लागतो. देशी पेट्रोल गाडीला तो किमतीनुसार ११ ते १३ टक्के असतो. वीस टक्के कशाचे? परदेशातल्या किमतीचे नाही, सगळे शुल्क मिळून झालेल्या किमतीचे. उतरंडीवर शेवटचे मडके: ४९ लाख ८७ हजार ५०० चे २० टक्के, ९ लाख ९७ हजार ५००. गाडी पडली ५९ लाख ८५ हजारांना. विमा, एजंट, ट्रेलर, तपासणीचे शुल्क वेगळे. अतिमहागड्या गाड्यांसाठी या वाहनकराला कमाल मर्यादा आहे; ती २० लाख होती, २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पाने ३० लाख केली. मर्यादेपर्यंत पोहोचणाऱ्याला हा लेख वाचायची गरज नसावी.

सगळे देश असेच वागतात असे मात्र नाही. न्यूझीलंडने १९९८ मध्ये गाड्यांवरचे आयातशुल्क पूर्ण काढून टाकले. जपानच्या जुन्या गाड्या तिथे आधीपासून येतच होत्या; शुल्क गेले आणि थेम्स, पोरिरुआ, नेल्सन इथले गाड्या जोडण्याचे कारखाने त्याच वर्षी बंद पडले. कामगार घरी बसले, सामान्य माणसाला चांगली गाडी स्वस्तात मिळू लागली. भारताने २००१ मध्ये नेमके उलटे केले. कोणते बरोबर हे सांगायला दोन्ही देशांची लोकसंख्याच इतकी वेगळी, की तुलना फार ताणू नये. पण पुणे-चाकणच्या पट्ट्यात ज्यांचे घर वाहनउद्योगावर चालते त्यांना ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यात रस असायला हरकत नाही.

अमेरिकेची तऱ्हा आणखी निराळी. तिथल्या सुरक्षा-मानकांत न बसणारी परदेशी गाडी २५ वर्षे जुनी झाली की मोकळेपणाने येऊ शकते. म्हणून १९९९ मध्ये आलेल्या निसान स्कायलाइन जीटी-आरसाठी तिथले शौकीन २०२४ ची वाट पाहत बसले होते. ब्रिटनमध्ये तीस वर्षांहून जुन्या, मूळ स्थितीतल्या गाडीला आयातशुल्क शून्य आणि व्हॅट ५ टक्के. जुनेपणा तिथे गुण ठरतो. आपल्याकडे जुनेपणाचा गुण व्हायला बराच वेळ लागतो. १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या व्हिंटेज गाड्यांना परवान्याशिवाय वाट होती. २०२५ मध्ये ती पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी खुली झाली. म्हणजे तीन वर्षांपर्यंतची चालते, पन्नासच्या पुढची चालते, आणि मधली सत्तेचाळीस वर्षे गाडीने परदेशातच काढायची. व्हिंटेजची ही मोकळीक करमाफी मात्र नव्हे. आणि २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीची नोंदणी २० हजार रुपये भरून 'व्हीए' अक्षरांच्या स्वतंत्र मालिकेत होते. रोजच्या कामाला ती काढता येत नाही.

भिंत इतकी उंच असली की तिच्याखालून बोगदे खणले जाणारच. एक जुना मार्ग राजनैतिक अधिकाऱ्यांचा. वकिलातीतल्या मंडळींना शुल्काशिवाय गाडी आणण्याचा विशेषाधिकार असतो. पुढे ती इथल्या माणसाला विकायची तर परवानगी आणि शुल्क दोन्ही लागतात. २०२१ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने 'मॉन्टे कार्लो' नावाच्या मोहिमेत अशा गाड्या पकडल्या, ज्या राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावाने मुंबईत उतरल्या आणि परस्पर इथल्या श्रीमंतांच्या गॅरेजमध्ये गेल्याचा आरोप होता. दुसरा मार्ग पर्यटकांच्या कार्नेचा: परदेशी पाहुणा आपली गाडी ठरावीक मुदतीसाठी शुल्क न भरता आणू शकतो, ती परत नेण्याच्या हमीवर. परत नेलीच नाही की ती बेकायदा आयात. तिसरा जमिनीवरचा. सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी 'नुमखोर' ही मोहीम काढली. भूतानमध्ये निकाली निघालेल्या गाड्या सीमेवरून आणून, बनावट कागदांवर हिमाचल प्रदेशासारख्या राज्यांत नोंदवून, केरळात विकल्याचा संशय होता. चित्रपटसृष्टीतल्या नामवंतांच्या घरी झडत्या झाल्या म्हणून बातमी गाजली. त्यातला प्रत्येकजण गुन्हेगार होता असे नाही. काहींनी इथल्याच बाजारात, नोंदणीपुस्तक पाहून गाडी घेतली होती, असे त्यांचे म्हणणे.

आणि म्हणून परदेशात कधी पाऊल न ठेवलेल्या माणसालाही हा विषय लागू पडतो. मुंबई-पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात 'इम्पोर्टेड' म्हणून मिळणारी गाडी घेताना आरसी बुकावर समाधान मानू नये. आरसी आरटीओची, तिने शुल्क भरल्याचे सिद्ध होत नाही. मूळ बिल ऑफ एंट्री मागावे आणि त्यावरचा चॅसी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. वापरलेली म्हणून आली असेल तर बंदर मुंबई आहे का, आणि उत्पादनाच्या तारखेपासून ती उतरली त्या दिवसापर्यंत तीन वर्षांच्या आत आहे का, हे पाहावे. पहिला मालक वकिलात किंवा तिथला अधिकारी असेल तर विक्रीची परवानगी आणि शुल्काचे चलन मागावे. विक्रेता 'कागद एजंटकडे आहेत' म्हणाला तर एजंटकडे जावे.

कारण कायद्यात जप्ती गाडीवर येते. ती कितव्या मालकाच्या दारात उभी आहे आणि त्याने किती पैसे मोजले याने तिचा इतिहास बदलत नाही. कलम १२५ खाली दंड भरून माल सोडवता येतो, पण तो दंड भरला म्हणजे शुल्क सुटले असे होत नाही. तेही द्यावे लागते. आणि अटी मोडून आलेली गाडी 'प्रतिबंधित माल' ठरली, तर दंड घेऊन ती सोडायची की नाही हे ठरवण्याची मुभा कायद्याने अधिकाऱ्याला दिली आहे, मालकाला नाही.